खोल बाजूला

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इथे सगळं ठीक. माझा गुडघा हल्ली जिना चढताना कुरकुरत नाही.

या वयात पोहायला का जातेस, असं तू विचारलंस. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. हे उत्तर मी सगळ्यांना देते. लेकीलाही दिलं. ती म्हणाली, "मग चालायला जा ना, आई. पोहायलाच का?" ती अगदी तुझ्यावर गेली आहे. कुणी 'का' म्हटलं की मी लहानपणीसारखी भिंतीला पाठ लावून उभी राहते आणि हाताला लागेल ते कारण पुढे करते.

तिथे पोहायला शिकवणारी मुलगी लेकीहूनही लहान आहे. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "मला इतकी भीती का वाटते गं?"

"ते मला काय माहीत, काकू? पाण्यात श्वास कसा सोडायचा ते दाखवते."

मी तोंड बुडवून बुडबुडे काढले. हसू आलं. नाकात पाणी गेलं.

शेजारी कठडा धरून एक गृहस्थ असायचे. वजनकाटे दुरुस्त करतात. भारदस्त माणूस. मला वाटलं, यांना येतं, नुसते विसावलेत. त्यांना वाटलं, ही बाई एवढी बडबडते म्हणजे हिला येत असणार. एके सकाळी ते म्हणाले, "चला, खोल बाजूला जाऊन येऊ." शिकवल्याप्रमाणे हातपाय मारत मी निघाले. येणारा माणूस सोबत आहे, मग काय!

पलीकडे पोचल्यावर मी धापा टाकत म्हटलं, "तुम्ही होतात म्हणून जमलं. मला कुठे येतंय!"

ते पांढरेफटक पडले. "अहो, मी तुमच्या भरवशावर आलो!"

आम्ही इतके हसलो की त्या मुलीला शिट्टी वाजवावी लागली. परत मात्र काठाकाठाने चालत आलो.

ताई, पुढच्या महिन्यात आम्ही लग्न करतोय.

लेकीला सांगितलं. ती 'का' म्हणाली आणि रडली. मी कारणं द्यायला लागले. एकटेपणा, आजारपण, उतारवय. ऐकताना माझं मलाच कसंनुसं झालं. यातलं एकही खरं नव्हतं. मी तिच्या हातात रुमाल दिला. तिने नाक पुसत विचारलं, "पण त्यांनी विचारलं कसं?"

ते सांगता आलं. ते म्हणाले होते, "पुन्हा खोल बाजूला जाऊ या? या वेळी दोघांनाही येत नाही हे माहीत असून."

लेक हसली, ताई. रडता रडता हसली. मग म्हणाली, "मावशी आली तर मीही येईन."

लग्न नोंदवायच्या कचेरीत साक्षीदाराची सही लागते. ती तुझी हवी. हे गेले तेव्हा तू आलीस आणि महिनाभर माझं सगळं केलंस. तेव्हा एकदाही 'का' म्हणाली नाहीस. यांना मी विसरलेले नाही, हे तुला तरी सांगायला नको.

उलट टपाली 'का' आलं, तर माझ्याकडे उत्तर नाही. पण 'कशी येऊ?' एवढंच लिहिलंस, तर कुठली गाडी, कुठे उतरायचं, सगळं कळवते. घ्यायला आम्ही दोघं येऊ.

कठडा सोडलेली,
तुझी धाकटी