चंद्र मेषेत, दाढ जबड्यात

५ सप्टेंबर १६६४, सोमवार. सकाळ.
दाढ ठणकते आहे. पुढच्या गुरुवारी ग्रिझेलचं लग्न. चर्चमध्ये स्तोत्र सुरू करण्याचा मान माझा. मुलीच्या लग्नात तर आवाज घुमलाच पाहिजे. दाढ आजच काढणार होतो. पंचांग उघडलं. चंद्र मेषेत, म्हणजे डोक्यात. चंद्र ज्या अंगात, त्या अंगाला लोखंड लावू नये. नाइलाज.

८ सप्टेंबर, गुरुवार.
चंद्र वृषभेत, म्हणजे मानेत. बायको म्हणाली, "अहो, मग दाढेला काय झालं?" दाढेची मुळं कुठवर जातात, हे अर्सुलाला कोण सांगणार. लवंग धरली.

१० सप्टेंबर, शनिवार.
मिथुन: हात. माझे नव्हेत, गेज न्हाव्याचे. गावातले दात तोच उपटतो. ऐन वेळी त्याचा हात थरथरला तर? दुपारी दारावरून जाताना म्हणाला, "टिलकॉकसाहेब, या की. चिमटा गंजतोय." मी खिडकीआड होतो. दाढेला वारा लागू नये म्हणून.

१२ सप्टेंबर, सोमवार.
आज नक्की. गेजच्या दारापर्यंत गेलो. आत कोणीतरी किंचाळलं. तेवढ्यात आठवलं, चंद्र कर्केत, म्हणजे छातीत. गाणाऱ्याने छाती जपावी. परत आलो.

१४ सप्टेंबर, बुधवार.
सिंह: हृदय. लग्नाच्या आदल्या दिवशी बापाच्या हृदयाशी खेळ नको. गाल पावासारखा फुगलाय. अर्सुला म्हणाली, "चंद्र पायात आला की तरी तुमचे पाय तिकडे वळतील का?" उत्तर तयार होतं. तोंड उघडत नव्हतं.

१५ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळ.
लग्न लागलं. मी तोंडाला फडकं बांधून पहिल्या बाकावर. स्तोत्र छपरं शाकारणाऱ्या जोब पारडोने म्हटलं. बरं म्हटलं. नंतर ग्रिझेल शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "बाबा, चंद्राचं राहू द्या. भीती वाटते ना?" मी मान हलवली, आडवी की उभी, आठवत नाही. लग्नाच्या कपड्यांतच ती मला गेजकडे घेऊन गेली. एका झटक्यात दाढ बाहेर. ओरडलो खरा, पण ते पोरीने हात फार जोरात दाबला म्हणून.

१८ सप्टेंबर, रविवार.
सूज उतरली. आवाज पूर्वीपेक्षा मोकळा. पाद्रीसाहेब म्हणाले, यापुढे स्तोत्र जोबच सुरू करील, तुमच्या जबड्याला विश्रांती. किती दिवस, असं विचारलं. म्हणाले, "गावाला आवडलाय तो."
माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हे. त्यांना हल्ली कमी ऐकू येत असावं.