रबरी फुगा

मंगळवार, १६ जुलै १९९६, सांगली

सुधा वारल्यानंतर आज पहिल्यांदा पेशंटला गुंगी देणारं गॅसचं मशीन लावलं. आमचं नवरा-बायकोचं काम जोडीनं चालायचं. मी दाढ काढायचो, ती पेशंटच्या उशाशी बसून बोलत राहायची, नजर मशीनच्या, पेशंटच्या श्वासागणिक हलणाऱ्या रबरी फुग्यावर. आष्ट्याच्या आजींनी नाकावरचा मास्क बाजूला सारला. "आवं डॉक्टर, बाईंना बोलवा की. त्या बोलल्या की भ्या वाटत न्हाई." खरं ते सांगवेना. मग सुधाचंच वाक्य म्हटलं, "मी आहे इथं." आजी निवांत झाल्या.

त्या गेल्यावर नुसता ऑक्सिजन सोडून मास्क स्वतःच्या नाकावर धरला. का, कोण जाणे. फुगा हलू लागला. बराच वेळ उशाशी तिचा आवाज येण्याची वाट पाहिली. शेवटी मीच म्हटलं, "मी आहे इथं." बोलताना श्वास अडला, आणि फुगाही थांबला.