साहेबांचं ‘वेल’

धुळे, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

‘वेल’ हा एक इंग्रजी शब्द मला वीस वर्षं सरकी काढायच्या जिनच्या दारात, साहेबांपुढे कापूस धरून उभं राहिल्यावर आला. झटकन म्हटला तर माल पसंत. प्रश्नासारखा चढवला तर भाव सांग. आणि खिडकीबाहेर बघत लांबवला, की माल परत गाडीत भरायचा. माझ्या तोंडावरून मात्र एकाही साहेबाला कधी काही कळलं नाही, हे मी शिरपूरभर सांगत असतो.

आज दवाखान्यात गोऱ्या डॉक्टरनं बायकोला तपासलं. मग खिडकीकडे वळला. ‘वेऽल...’ किती लांबवावा! पुढचं तो बरंच बोलला, पण ऐकायला उरलं काय होतं? खिडकीबाहेर काय बघत असेल? मी नंतर पाहिलं, नुसती भिंत होती.

खाटेवरून तिनं विचारलं, “काय म्हनना तो?”

“बरी व्हशी म्हनस.”

“इतला येळ बोलना, आनि इतलंच?” ती हसली.

मी उगाच तिच्या उशाशी तांब्या सारखा करत राहिलो.

“ऱ्हाऊ द्या. तुमना तोंडवर दिखी ऱ्हायनं. माले घर ली चाला.”

सकाळची मोटार सांगून आलो.