दोन रंगांमधलं मेण

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. बाबांचा खोकला कमी आहे. डॉक्टरांनी धूळ बंद केल्यापासून कारखान्यात पॉलिश पेपर फिरकत नाही.

तरी नवं कपाट जुनं दिसायला हवं म्हणणारी गिऱ्हाइकं थांबत नाहीत. ते काम माझ्याकडे. खालचा गडद रंग वाळला, की वापरून जिथे झिजलं असतं तिथे, मुठीभोवती, कडांना, मेणबत्ती घासायची. वर फिका रंग. तो वाळला की ओल्या फडक्याने चोळायचा. मेणावरचा रंग सुटून येतो. झालं.

"नवं कपाट म्हातारं करायला मुलगी लागते," बाबा गिऱ्हाइकांना सांगतात, "बाप आपोआप होतो." सगळे हसतात. मीही.

एवढं सविस्तर लिहिलं, कारण हे किती सोपं आहे ते तुला कळावं. बाबा 'मलाही शिकव' म्हणाले तेव्हा मी म्हटलं होतं, "तुम्हाला नाही जमायचं. बोटांतच असावं लागतं." त्यांना न येणारं काहीतरी पहिल्यांदाच मला येत होतं गं.

आता संग्रहालयाच्या दुरुस्ती विभागातून मला नोकरीचं बोलावणं आलंय. शनिवारपर्यंत कळवायचंय. बाबा म्हणाले, "जा की. कुलूप लावू कारखान्याला. मला थोडंच जमतंय ते?"

म्हणून काल खरं सांगायचं ठरवलं. करून दाखवायला आधी फडकं शोधायला गेले, तर फळ्यांमागे, भिंतीला टेकवून ठेवलेलं एक स्टूल सापडलं. मी रंगवलेलं नव्हे. कडा इतक्या खऱ्या झिजलेल्या, की माझ्याहून सरस. खाली मेणबत्तीचा तुकडा चिकटलेला. वर कोळ्याचं जाळं, म्हणजे काम काही महिन्यांपूर्वीचं.

त्यांना जमतं, ताई. मी खोटं बोलले हेही त्यांना तेव्हापासून माहीत आहे. रागवू कुठल्या तोंडाने? खोटं माझंच. त्यांनी फक्त जपून ठेवलं.

आज ते स्टूल पुसून त्यांच्या खुर्चीसमोर ठेवलं. बाबा चहा घेऊन आले. स्टुलाकडे पाहिलं. मग स्टुलावर कप ठेवला.

"आज दोन कपाटं आहेत ना गं?"

मी मेणबत्ती उचलली.

शनिवार परवा आहे. फोन करू नकोस, फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणेन. तूच ये.

'बोटांतच असावं लागतं' म्हणणारी,
तुझी धाकटी