दोन नंबर, तीन नंबर अन् पुष्पांजली

मी चंद्रकांता उमराव लंजे, वय एकसष्ट, धंदा धानाची शेती, शिक्षण गावच्या शाळेत सातवी, राहणार मौजा पिपरटोला, तालुका गोरेगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माह्या हातानं लिहून राहिली. कोणी धाक दाखवला नाही, कोणी काही पाजलं नाही. डोकं जागेवर आहे. शंका असल त्यानं मले चिडवून पाहावं.

१. घर अन् तळ्याखालची दोन एकर धानाची बांधी पोरगा घनश्याम याची. मांजर बी त्याचीच. तिले तो आवडत नाही, ते दोघांनी पाहून घ्यावं.

२. मोठी जाऊ अनुसयाबाई इले पाणी भराचा पितळेचा गुंड. माह्या लग्नापासून तिची नजर त्याच्यावर आहे. आता तो गळते.

३. आता अवजाराची पेटी. आमचे मालक गोंदियाच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या मशीनी कंप्युटरले जोडून देत. त्याच्या सिरियल केबली घरीच बनवत. आधी मी तार धरो अन् ते तापल्या सळईनं कथलाचा डाग देत, मंग डाग बी मीच देऊ लागली. दोन नंबर अन् तीन नंबरची तार उलटी जोडाची, तवा मशीनचं बोलणं कंप्युटरच्या कानात जाते, हे मले पाठ होतं. पण बत्तीस वर्षांच्या संसारात "चंद्रा, चांगलं केलं" असं एकदा बी निघालं नाही. अन् लॅबच्या कंप्युटरवर बसाले पुष्पांजली आली, तं आठ दिवसात, "पोरगी लवकर शिकते!"

म्हणून २००४ च्या जुलैमध्ये नवी केबल न्यायच्या आदल्या दिवशी मी तिच्या टोकाचं टोपण खोललं, दोन्ही तारा सरळ लावल्या अन् स्क्रू कसून ठेवला. हा गुन्हा माहा. वाटलं, पुष्पांजलीपुढे फजिती होईल, चिडून घरी येतील.

तं काय! धान रोवण्याचे दिवस, अन् हे तीन दिवस गोंदियालेच.

"जमलं काय?"

"पाहून राहिलो."

"पुष्पांजली होती?"

"हाव. कंप्युटर तिचं, तं कुठं जाईल?"

"मंग डबा कायले नेता? तिच्याच घरी जेवा!"

नुसते हासले.

२००९ साली ते गेले. पेटी आवरताना लॅबमधून परत आलेली तीच केबल हाती लागली. बिघाड काढला की तारखेसकट चिठ्ठी लिहून टोपणात घालाची, ही त्याइची सवय. चिठ्ठीत होतं: "१२ जुलै, सोमवार. दोन-तीन सरळ. चंद्राचं काम. घरी बोलायचं नाही."

सोमवार! पहिल्याच दिवशी समजलं, तं मंगळवारी अन् बुधवारी काऊन गेले? तीन वर्षं झाली, हेच मले कुरतडून राहिलं.

तवा पेटी, डाग द्यायच्या सळईसकट, पुष्पांजलीले. पण साक्षीदार म्हणून मी तिलेच बोलावलं आहे. सही कराच्या आधी हे वाचावं लागल, अन् सहीखाली ते दोन दिवस काय केलं ते लिहावं लागल. खोटं लिहिलं तं पेटी तळ्यात.

पिपरटोला, ८ मे २०१२
सही: चंद्रकांता उमराव लंजे

साक्षीदार १: कवडू हातझाडे, शेजारी. सही केली. चष्मा घरी राहिला, वाचलं काही नाही.

साक्षीदार २: पुष्पांजली, गोंदिया. काकू, केबल सोमवारी दहा मिनिटांत सुरू झाली होती. पुढचे दोन दिवस काकांनी मला डाग द्यायला शिकवलं. म्हणाले, "घरची पुन्हा तारा बदलल, दर वेळी मले येणं होणार नाही." समोर नमुना म्हणून तुम्ही डाग दिलेली केबल ठेवली होती. "असा साफ पाहिजे. माहा बी असा येत नाही." मला तर अजून येत नाही, काकू.

वाचलं. जे मले सांगाचं ते इले सांगितलं, हा राग माह्यासंगच जाईल. पेटी तिची, आजच न्यावी. पण कलम तीनमध्ये दुरुस्ती: सळई मी मरेपर्यंत माह्यापाशीच.
चंद्रकांता