राणीचा शिक्का नसलेला डाव

प्रिय मॉरीन,

पत्राला महिनाभर उशीर झाला, रागावू नकोस. आधीची दोन पत्रं लिहून खणातच पडली आहेत.

आईचा चांदीचा वाढायचा डाव तू चर्चच्या प्रदर्शनात दिलास. घाट जुना आणि शिक्का नाही, म्हणजे दोनशे वर्षांचा असणार, असं तू म्हणतेस. तो तेवढा जुना नाही. त्रेपन्न साली राणीच्या राज्याभिषेकासाठी आमच्या कारखान्यात जुन्या घाटाचे डाव केले, त्यांतला तो आहे. त्यावर राणीच्या मुखाचा शिक्का होता. तुझी आई तिथे पॉलिशच्या कामावर होती, तिने तो पार घासून टाकला.

“हेडन, अरे, राणीचं डोकंच उडवलं मी,” ती आधी हसली, मग रडायला लागली. मुकादम तिला त्याच दिवशी कामावरून काढणार, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी डाव जेवणाच्या डब्यात घालून घरी आणला.

“कुणी विचारलं तर?”

“वितळवायला टाकला म्हणेन. तू गप्प बस.”

रविवारी प्रदर्शनाचं उद्घाटन तोच मुकादम करणार आहे. म्हातारा झाला असला तरी आपल्या कारखान्याचा डाव तो ओळखेल, आणि लोक आईला चोर म्हणतील. चोरी माझी होती. काहीतरी सांगून त्याआधी डाव परत आण.

नाताळला त्या डावाने बटाटे वाढण्याआधी आई पडदा ओढून घ्यायची. तुला वाटायचं, थंडी आत येऊ नये म्हणून.

डाव आणलास की लगेच दोन ओळी टाक.

तुझे बाबा,
हेडन