भिंगरी कशी आहे म्हणून विचारलंस

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "भिंगरी कशी आहे?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचं बोलायला लागलीस. तू बोलायला लागलीस की मी गप्प बसतो, ही लहानपणापासूनची सवय. म्हणून आज दुपारी गिऱ्हाईक नाही असं बघून दुकानाचं दार अर्धं ओढलं आणि लिहायला बसलो. पत्राला मध्येच तोडता येत नाही. आता पूर्ण ऐक.

पहिली गोष्ट, माझी लेक शांत नाही. सकाळी डोळ्यांच्या आधी तिचं तोंड उघडतं. दात घासतानाही बोलते, त्यामुळे आरसा रोज फेसानं माखतो. आकडे म्हणताना सात गाळते. का गं, म्हटलं तर म्हणते, "तो मला आवडत नाही." बाईंनी समजावलं, मी समजावलं, सात अजून बाहेरच उभा आहे. शाळा सुटली की थेट दुकानात येते, उंच स्टुलावर चढते आणि पाण्याचा फवारा ताब्यात घेते. मला लागला तर मागून घ्यावा लागतो. आमचे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, डोक्यावर चार केस. त्यांना खुर्चीत बसलेलं बघून हिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही कशाला आलात?" माझा वस्तरा हवेतच थांबला. म्हातारा मात्र असा हसला की मानेवरचं फडकं खाली पडलं. आता ते मुद्दाम ती असेल तेव्हाच येतात.

गुणाची पुतळी आहे असं मी म्हणत नाही. दूध मोरीत ओतते आणि प्यायले म्हणून माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगते. रुसली की टेबलाखाली जाऊन बसते आणि तिथून हुकूम सोडते. अख्ख्या गल्लीची डोकी माझ्या हाताखालून जातात, पण घरातल्या एका डोक्यापुढे माझं काही चालत नाही. कंगवा दिसला की पळते. फोटोत तुला तिच्या झिंज्या दिसल्या त्या त्यामुळे, बापाचं लक्ष नाही म्हणून नव्हे.

तिची आई गेल्यापासून येणारा जाणारा तिच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि "बिचारी" म्हणतो. एकदा तिनं मला विचारलं, बिचारी म्हणजे काय? मी सांगितलं, जिचं दुःख बघून वाईट वाटतं ती. तिनं बराच विचार केला. मग म्हणाली, "मग मी नाही. समोरचा कुत्रा बिचारा. त्याला दिवसभर बांधून ठेवतात." ती आईला विसरली असं समजू नकोस. आईची ओढणी उशाखाली असते, आणि कधीकधी सरळ विचारते, "आज मला आईची आठवण आलीये, तुला आलीये का?" मी हो म्हणतो. मग आम्ही दोघं जरा वेळ खिडकीशी बसतो. नंतर तिला भूक लागते.

आता शाळेचं प्रकरण. तुझ्यापर्यंत ते तिखटमीठ लावून पोचलंय, म्हणून खरं काय ते सांगतो. वर्गातल्या एका मुलीच्या केसांत कुणीतरी च्युइंगम चिकटवलं. सगळी पोरं हसत होती, ती मुलगी रडत होती. भिंगरीनं हस्तकलेची बोथट कात्री घेतली आणि ती बट कापून टाकली. जरा जास्तच कापली, हे कबूल. मला बोलावलं. त्या मुलीची आई संतापलेली होती, आणि का नसावी? मुख्याध्यापिका म्हणाल्या, घरात बाईमाणूस नसलं की असंच होतं. मी म्हटलं, "नाही मॅडम, घरात न्हावी असला की असं होतं." कुणी हसलं नाही. भिंगरीला मी तिथेच सांगितलं, न विचारता दुसऱ्याच्या केसांना कात्री लावायची नाही. तिनं माफी मागितली. पण बाहेर पडताना मी तिचा हात घट्ट धरला होता, ताई, आणि माझी मान खाली नव्हती. सगळा वर्ग हसत असताना एकटी उठली ती माझी मुलगी होती.

तर भिंगरी अशी आहे. आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फोनवर तू म्हणालीस, खोली तयार आहे, तिथल्या शाळेत बोलून ठेवलंय, रविवारी भाऊजी गाडी घेऊन येतील, तिचे कपडे बांधून ठेव. मी "बरं" म्हणालो. ते "बरं" मागे घेतोय. तुझी माया खोटी नाही, तुझं घर माझ्यापेक्षा मोठं आहे, आणि एकट्या पुरुषाला मुलगी वाढवणं जमणार नाही असं तुझ्यासारखंच इथे सगळ्यांना वाटतं. वाटू दे. आपली आई गेली तेव्हा मला न्यायला मामा आले होते, आठवतं? तू शाळकरी पोर, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला, हात पिठानं भरलेले. दारात आडवी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मामा, चहा घ्या आणि जा. हा माझ्याजवळ राहील." तुलाही जमणार नाही असं सगळे म्हणत होते. मी तुझ्या मागे उभा राहून ऐकत होतो. रविवारी या, पोटभर जेवा, भाचीशी हवं तेवढं भांड. पण दारात मी उभा असेन, आणि भाऊजींची गाडी आली तशीच परत जाईल.

तुझाच,
तूच वाढवलेला, म्हणून न ऐकणारा,
धाकटा